समासात लिहिलेली एक तारीख
धर्मग्रंथाचे वाचन, रोजचे जगणे आणि दुष्टतेचा प्रतिकार : डीट्रिश बॉनहोफर यांच्या आयुष्याचा धडा

जर्मन धर्मोपदेशक डीट्रिश बॉनहोफर यांच्या रोजच्या वापरातील बायबलमध्ये ७४ व्या स्तोत्राशेजारी, समासात, एक तारीख लिहिलेली आहे : ९.११.३८. त्या स्तोत्रातील ज्या ओळीखाली त्यांनी रेघ ओढली, तिच्यात शत्रूंनी देशातील देवाची सर्व स्थाने जाळून टाकल्याचा आक्रोश आहे. स्तोत्र हजारो वर्षांपूर्वीचे, पण तारीख त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेची. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची शेकडो प्रार्थनामंदिरे पेटविण्यात आली, त्यांची दुकाने फोडण्यात आली, अनेकांचे जीव घेण्यात आले आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले.

त्या दिवसांत जर्मनीतील बहुतेक चर्चेसमधून या घटनेविषयी अवाक्षरही निघाले नाही. एका धर्मोपदेशकाने मात्र आपल्या ग्रंथाच्या समासात तारीख नोंदवली. म्हटले तर ही किती क्षुल्लक कृती! परंतु तिच्यात दोन मोठ्या प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत. रोजच्या धबडग्यात देव भेटतो तो नेमका कुठे? आणि समोर उघड दुष्टता उभी असताना प्राचीन ग्रंथ वाचून काय साधते? हे प्रश्न केवळ ख्रिस्ती श्रद्धावंतांचे नाहीत. ज्या कुणाच्या घरात एखादी पोथी किंवा ग्रंथ श्रद्धेने वाचला जातो, त्या प्रत्येकाला ते कधी ना कधी पडतात. म्हणूनच बॉनहोफर यांनी या प्रश्नांना दिलेले उत्तर समजून घेणे उद्बोधक ठरावे.

विद्वत्तेकडून वाचनाकडे

बॉनहोफर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. वडील कार्ल बॉनहोफर हे नामवंत मानसोपचारतज्ज्ञ. घरात विद्येचे आणि संगीताचे वातावरण होते, पण नियमाने चर्चला जाण्याची प्रथा नव्हती. डीट्रिश यांनी धर्मशास्त्र निवडले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९२७ मध्ये, बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

याचा अर्थ ते बायबल जाणत होते. पण जाणणे वेगळे आणि वाचणे वेगळे, हे त्यांना पुढे उमगले. १९३० ते १९३१ या वर्षात ते न्यूयॉर्कला शिकायला होते. तेथे हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये ते नियमित जात. वंशभेदाचे चटके सोसणारी माणसे बायबलकडे कसे पाहतात, हे त्यांनी तिथे जवळून अनुभवले. तिथेच ज्याँ लासेर या फ्रेंच सहाध्यायाने त्यांना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाकडे गांभीर्याने पाहायला लावले. आपण प्रवचने देत होतो, पुस्तके लिहीत होतो, पण स्वतः मात्र त्या ग्रंथापुढे कधी उभे राहिलो नव्हतो, अशा आशयाची कबुली त्यांनी १९३६ मधील एका खासगी पत्रात दिली आहे. पंडित म्हणून ग्रंथाला प्रश्न विचारणे त्यांना सवयीचे होते. आता ग्रंथ त्यांना प्रश्न विचारू लागला होता.

ग्रंथ तोच, उपयोग दोन

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. त्यानंतर जर्मन प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ या नावाच्या नाझीसमर्थक गटाचे प्राबल्य वाढले. ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना पदावरून दूर करावे, असा त्यांचा आग्रह होता. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये या गटाची प्रचंड सभा झाली. बायबलचा जुना करार हा ज्यूंचा ग्रंथ असल्याने जर्मन चर्चने तो टाकून द्यावा, अशी मागणी तेथे राइनहोल्ड क्राउझे या पुढाऱ्याने केली. पुढे १९३९ मध्ये आयझेनाख येथे चर्चवरील ज्यू प्रभाव पुसून काढण्यासाठी एक संस्थाच स्थापन झाली. तिने १९४० मध्ये ज्यूंशी नाते सांगणारे उल्लेख काढून टाकलेला नवा करार छापला.

म्हणजे ग्रंथ दोन्हीकडे होता. एका बाजूला तो सत्तेच्या मापाने कापला जात होता, तर दुसऱ्या बाजूला त्याच ग्रंथाच्या आधारे सत्तेला विरोध करण्याचा प्रयत्न होत होता. २९ ते ३१ मे १९३४ या काळात बार्मेन येथे जमलेल्या धर्मसभेने एक जाहीरनामा संमत केला. त्यातील सहाही कलमांच्या आरंभी बायबलमधील वचने आहेत. चर्चचा प्रभू कोणी राजकीय नेता असू शकत नाही, हे त्याचे सार होय. अर्थात, या जाहीरनाम्यालाही मर्यादा होतीच. ज्यूंच्या छळाविषयी त्यात थेट उल्लेख नव्हता. त्याचे प्रमुख शिल्पकार कार्ल बार्थ यांना पुढे ही उणीव बोचत राहिली.

धर्मग्रंथाचा असा दुहेरी उपयोग खुद्द बायबललाही ठाऊक आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या मोहाची कथा येते. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी आहे. सैतान त्याला तीन मोह घालतो : भुकेचा, चमत्काराचा आणि सत्तेचा. तिन्ही वेळा येशू ‘अनुवाद’ या जुन्या करारातील ग्रंथाच्या वचनांनी उत्तर देतो. पण या कथेतील एक बारकावा अनेकदा नजरेतून सुटतो. सैतानसुद्धा शास्त्राचा आधार घेतो! मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हे सांगताना तो ९१ व्या स्तोत्राचा दाखला देतो. वचन खरे असते, पण त्याचा रोख खोटा असतो. तेव्हा केवळ वचने तोंडपाठ असणे म्हणजे दुष्टतेपासून कवच लाभणे नव्हे. कोणते वचन, कुणासाठी, कशासाठी आणि कोणती वचने गाळून उच्चारले जात आहे, हे पाहावे लागते.

बॉनहोफर स्वतःही यात चुकले होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांची जुळी बहीण साबीने हिचे ज्यू सासरे वारले. त्यांचा अंत्यविधी बॉनहोफर यांनी करावा, अशी विनंती झाली. चर्चमधील वरिष्ठांचा सल्ला घेऊन त्यांनी नकार दिला. त्याच महिन्यात त्यांनी ज्यूंच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता; अन्यायी शासनाचे चाक प्रसंगी अडविणे हेदेखील चर्चचे काम असू शकते, असे त्यात बजावले होते. लेखणीने दाखविलेले धैर्य घरच्या प्रसंगी मात्र दाखवता आले नाही. काही महिन्यांनी त्यांनी बहिणीला आणि मेहुण्याला पत्र लिहून आपली भीती कबूल केली आणि क्षमा मागितली. त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना हा प्रसंग विसरून चालणार नाही. प्रतिकाराची ताकद त्यांच्याकडे जन्मजात नव्हती. ती सवयीने कमवावी लागली.

वर्ध्याहून आलेले पत्र

ही सवय कुठे शिकावी, याचा शोध घेताना बॉनहोफर यांची दृष्टी थेट आपल्याकडे वळली होती, हे मराठी वाचकांना विशेष वाटेल. १९३३ ते १९३५ या काळात ते लंडनमधील जर्मन मंडळींचे धर्मोपदेशक होते. तेथून ऑक्टोबर १९३४ मध्ये त्यांनी महात्मा गांधींना पत्र लिहिले. हे पत्र अलीकडच्या काळात उजेडात आले असून २०२१ मध्ये ते अभ्यासकांसाठी प्रसिद्ध झाले. गांधीजींच्या आश्रमात राहावे, सामुदायिक प्रार्थना, श्रम आणि अहिंसक प्रतिकार यांची सांगड कशी घातली जाते ते पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. डोंगरावरील प्रवचन युरोपातील ख्रिस्ती लोकांपेक्षा गांधीजी अधिक गांभीर्याने घेत आहेत, अशी त्यांची धारणा झाली होती. १ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून उत्तर पाठवून त्यांना येण्याचे निमंत्रण दिले.

ही भेट मात्र झाली नाही. नाझीविरोधी ‘कबुलीजबाब देणाऱ्या’ चर्चने तरुण धर्मोपदेशक घडविण्यासाठी एक विद्यालय सुरू केले आणि त्याची धुरा बॉनहोफर यांच्याकडे आली. वर्ध्याला जाऊन जे शिकायचे होते, ते त्यांनी बाल्टिक समुद्राजवळच्या एका जुन्या वाड्यात स्वतःच उभे करायचे ठरवले.

फिंकनवाल्डेची दिनचर्या

१९३५ मध्ये फिंकनवाल्डे येथे हे विद्यालय स्थिरावले. हे ठिकाण आज पोलंडमधील श्चेचिन शहराचा भाग आहे. तेथील दिनक्रम साधा पण कडक होता. सकाळी उठल्यावर पहिला शब्द देवाचा आणि रात्री झोपण्यापूर्वीचा शेवटचा शब्दही देवाचा. त्याआधी आणि त्यानंतर मौन. सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत स्तोत्रे, जुन्या करारातील एक दीर्घ उतारा, नव्या करारातील एक उतारा, गीत आणि प्रार्थना. याशिवाय रोज अर्धा तास मूक मनन. त्यासाठी एक छोटासा उतारा निवडला जाई आणि तोच आठवडाभर मनात घोळवला जाई.

या मननात एक अट होती. उताऱ्यावर प्रवचन कसे देता येईल, याचा विचार करायचा नाही. तो उतारा आज मला काय म्हणतो, एवढेच ऐकायचे. सुरुवातीला अनेक विद्यार्थ्यांना हे जड गेले. मन भरकटे, डोळा लागे. आपल्याला काय करायचे तेच कळत नाही, अशा तक्रारीही झाल्या. बॉनहोफर यांनी नियम सैल केला नाही. मन भरकटून ज्या माणसांकडे आणि ज्या चिंतांकडे जाते, त्यांनाच प्रार्थनेत सामील करून घ्या, असा सल्ला मात्र त्यांनी दिला.

याच्या जोडीला ‘लोझुंगेन’ म्हणजे दैनंदिन वचनांची पुस्तिका असे. हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळी १७३१ पासून दरवर्षी ती छापत आली आहेत. प्रत्येक दिवसासाठी जुन्या करारातील एक वचन चिठ्ठ्या टाकून काढले जाते आणि त्याला साजेसे नव्या करारातील वचन जोडले जाते. आपल्याला हवे ते वचन शोधण्याऐवजी, आले आहे ते ऐकण्याची शिस्त यातून लागते.

स्तोत्रांवर बॉनहोफर यांचा विशेष भर होता. स्तोत्रांत आनंद आहे तसा संताप, सूडाची भाषा आणि एकाकीपणाही आहे. आज माझे सारे सुरळीत चालले असेल, तर विलापाचे स्तोत्र मी का म्हणावे? यावर त्यांचे उत्तर असे की, ते आज माझे नसेल; पण कुठेतरी कुणाचे तरी ते नक्कीच आहे. ते म्हणताना मी त्या माणसाशेजारी जाऊन उभा राहतो. समासातील त्या तारखेचा अर्थ इथे लागतो. १९३८ च्या नोव्हेंबरात ७४ वे स्तोत्र हे जर्मनीतील ज्यूंचे स्तोत्र होते आणि बॉनहोफर यांनी ते त्यांचे म्हणूनच वाचले.

भांडी, निंदा आणि व्यत्यय

एवढे सारे ऐकून ही मंडळी जगापासून तुटलेली असावीत, असा समज होईल. वस्तुस्थिती उलट होती. विद्यालयाच्या सुरुवातीच्या दिवसांत स्वयंपाकघरातून भांडी घासायला मदतीची हाक आली. कोणीच उठले नाही. बॉनहोफर काही न बोलता उठले, आत गेले आणि दार लावून घेऊन एकटेच कामाला लागले. ओशाळलेले विद्यार्थी मागोमाग आले, पण दार उघडले नाही. या विषयावर त्यांनी नंतर भाषणही दिले नाही.

दुसरा नियम होता गैरहजर सोबत्याविषयी न बोलण्याचा. बोललेच गेले, तर ते त्याला स्वतः जाऊन सांगायचे. हा नियम पाळण्याच्या प्रयत्नातून आणि तो मोडल्यावर होणाऱ्या खजिलपणातून आपण प्रवचनांपेक्षा अधिक शिकलो, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे सांगितले. कार्यालयात किंवा नातेवाइकांच्या मेळाव्यात हा नियम एक दिवस पाळून पाहावा, म्हणजे त्यातील अवघडपणा कळतो.

विद्यालय सप्टेंबर १९३७ मध्ये गेस्टापोने बंद पाडले. त्यानंतर बॉनहोफर यांनी तेथील अनुभव एका छोट्या पुस्तकात मांडले. ते १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्यत्ययाविषयी एक मार्मिक विचार आहे. आपण कामात गढलेले असताना कुणीतरी गरजू दारात येतो आणि आपली चिडचिड होते. बॉनहोफर येथे चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्याची आठवण करून देतात. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला टाळून पुढे गेलेला याजक कदाचित शास्त्रच वाचत चालला असेल! दारातील व्यत्यय म्हणजेच देवाची हाक असू शकते आणि ग्रंथवाचन हीदेखील ती हाक टाळण्याची पळवाट ठरू शकते. रोजच्या जीवनात देव कुठे भेटतो, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर हे असे अगदी जमिनीवरचे होते.

मोह नेमका कसा येतो?

जून १९३८ मध्ये बॉनहोफर यांनी आपल्या विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांना त्सिंग्स्ट या समुद्रकाठच्या गावी बोलावले आणि मोह या विषयावर त्यांचा अभ्यासवर्ग घेतला. समोर बसलेल्या तरुणांपुढचा मोह पुस्तकी नव्हता. सरकारमान्य चर्चशी जुळवून घेतले, तर पगार, घर आणि सुरक्षितता मिळत होती. नकार दिला, तर अटक संभवत होती. अनेकांनी तुरुंगाची हवा आधीच चाखली होती.

त्यांच्या विवेचनाचा गाभा असा सांगता येईल : मोहाच्या घटकेला माणूस देवाविरुद्ध बंड पुकारतोच असे नाही, तो बहुधा त्याला विसरलेला असतो. समोरची गोष्ट तेवढी खरी आणि जवळची वाटते, बाकी सारे धूसर होते. अशा वेळी बुद्धी मदतीला येत नाही, उलट ती मोहाचीच वकिली करू लागते. कुटुंबाचा विचार कर, एवढ्याशा तडजोडीने काय बिघडते, आत राहूनच सुधारणा करता येईल, असे युक्तिवाद सुचू लागतात. म्हणून त्या क्षणी उत्तर नव्याने शोधण्यात अर्थ नसतो. ते आधीपासून मनात रुजलेले असावे लागते. अरण्यातील येशूने कोणताही नवा युक्तिवाद केला नाही. लहानपणापासून ऐकलेले वचन उच्चारले आणि तो त्यावर उभा राहिला. रोजच्या अर्ध्या तासाचे प्रयोजन हेच होते.

त्यांची स्वतःची परीक्षा १९३९ मध्ये झाली. सक्तीची लष्करी भरती टळावी म्हणून मित्रांनी त्यांची अमेरिकेत सोय केली. १२ जून रोजी ते न्यूयॉर्कला पोहोचले, पण मन थाऱ्यावर राहीना. त्यांची डायरी या अस्वस्थतेने भरली आहे. २६ जून रोजी त्यांच्या वाचनात आलेल्या वचनात पौलाने तीमथ्याला हिवाळ्याआधी येऊन पोहोचण्याची केलेली विनवणी होती. हे वचन दोन हजार वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाला लिहिलेले आहे, हे बॉनहोफर जाणून होते. ते स्वतःला लावून घेणे हा ग्रंथाचा गैरवापर तर नव्हे ना, हा विचारही त्यांनी डायरीत नोंदवला. परतण्याचा निर्णय त्यांनी त्याआधीच, २० जूनच्या सुमारास घेतला होता. वचनाने त्याला बळ दिले. जुलैमध्ये ते जर्मनीला परतले. सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले.

जिथे वचन हाती नव्हते

यापुढचा भाग अधिक अवघड आहे आणि तो टाळून हा विषय पूर्ण होत नाही. १९४० पासून बॉनहोफर जर्मन लष्करी गुप्तचर खात्याशी जोडले गेले. त्यांचे मेहुणे हान्स फॉन डोनानी हे त्याच खात्यात राहून हिटलरविरुद्धच्या कटात सामील होते. या मार्गाने १९४२ मध्ये चौदा जणांना, त्यांतील बहुतेक ज्यू वंशाचे, स्वित्झर्लंडला सुखरूप पोहोचवता आले. पण त्याच मार्गावर खोटे बोलणे होते, बनावट कागद होते आणि अखेरीस हत्येचा कटही होता.

यासाठी बॉनहोफर यांनी कोणत्याही वचनाचा दाखला दिला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. हुकूमशहाला ठार मारणे शास्त्रसंमत आहे, असे सिद्ध करण्याचा त्यांनी खटाटोप केला नाही. असे कृत्य करणाऱ्याने त्याचा दोष स्वतःच्या शिरावर घ्यावा आणि क्षमेची आस धरावी, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या कृतीवर देवाची मोहोर उमटवण्याचा मोह त्यांनी टाळला. त्यांच्या नावाचा वापर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. आज परस्परविरोधी राजकीय गट आपापल्या लढ्यासाठी बॉनहोफर यांचा हवाला देतात. २०२४ मध्ये त्यांच्या कुटुंबातील वंशजांनीच अशा गैरवापराला जाहीर आक्षेप घेतला.

कोठडीतील मध्यवर्ती देव

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल येथील लष्करी तुरुंगात त्यांनी सुमारे दीड वर्ष काढले. तेथून मित्र एबरहार्ड बेटगे यांना लिहिलेली पत्रे पुढे जगभर वाचली गेली. दिनक्रम फिंकनवाल्डेचाच होता : स्तोत्रे, वाचन, मनन. हवाई हल्ल्यांच्या वेळी घाबरलेल्या कैद्यांना धीर देणे, ही त्यात पडलेली भर.

या पत्रांतील एक विचार विशेष मोलाचा आहे. माणसाचे ज्ञान जिथे संपते, उपाय जिथे थकतात, तिथेच आपण देवाला आणून बसवतो. म्हणजे ज्ञान वाढत गेले की देवाची जागा आक्रसत जाते. बॉनहोफर यांना हे मान्य नव्हते. आपल्याला जे ठाऊक आहे त्यात, आपल्या बळात, कामात, मैत्रीत आणि आनंदात देव भेटायला हवा. केवळ आजारपणात आणि स्मशानात नव्हे. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसला. आपला शेवट आता जवळ आला आहे, हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रातही त्यांनी याच विचाराचा पाठपुरावा केला. जगाकडे पाठ फिरवून श्रद्धा शिकता येत नाही, जगातील कर्तव्ये, प्रश्न, यश आणि अपयश यांच्यात पूर्ण उतरूनच ती शिकावी लागते, असा त्या पत्राचा आशय आहे.

८ एप्रिल १९४५ हा रविवार होता. शोनबर्ग गावच्या शाळेत अडकवून ठेवलेल्या निरनिराळ्या देशांच्या कैद्यांनी विनंती केल्यावरून बॉनहोफर यांनी उपासना घेतली आणि त्या दिवसाच्या वचनांवर चार शब्द सांगितले. उपासना संपते न संपते तोच त्यांना बोलावणे आले. फ्लॉसेनबुर्ग छावणीत रात्री लष्करी न्यायालयाचा देखावा झाला आणि ९ एप्रिलच्या पहाटे त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे ३९. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिल रोजी, अमेरिकी सैन्य त्या छावणीत पोहोचले.

आपल्यासाठी काय?

सामान्य वाचकाच्या वाट्याला फाशीचा तख्त येत नाही. येतात ती लहानसहान वळणे. कार्यालयात एखाद्याविरुद्ध खोटी नोंद करायला सांगितले जाते, सोसायटीत एखाद्या कुटुंबाला त्याच्या धर्मामुळे घर नाकारले जाते, चहाच्या कट्ट्यावर गैरहजर माणसाची यथेच्छ निंदा चालते. या वेळी युक्तिवाद भरपूर सुचतात, वेळ मात्र क्षणाचा असतो.

बॉनहोफर यांच्या आयुष्यातून तीन साध्या गोष्टी घेता येतील. वाचन थोडे असावे, पण रोजचे असावे आणि एकच उतारा पुरेसा काळ मनात राहू द्यावा. आपल्याला सोयीचे तेवढेच वेचू नये. नकोसे वाटणारे पानही उलटू नये. आणि वाचून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या वाचनाने मी दारातल्या माणसाकडे वळलो, की त्याच्यापासून दूर गेलो?

बॉनहोफर यांच्या बायबलमधील त्या समासात तारखेखेरीज भाष्याचा एक शब्दही नाही. आपल्या ग्रंथाच्या समासात कोणती तारीख लिहावी लागेल, हे आपण आजचे वर्तमानपत्र वाचतानाच ठरवायचे आहे.